परतीच्या वाटेवरचा गोंगाट

केबलवरून इंटरनेट घेणाऱ्या कोणत्याही घरात ब्राउझर उघडा आणि १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करा. बहुतेक केबल मोडेमवर एक साधंसं पान उघडेल. त्यावर आकड्यांची कोष्टकं दिसतील: डाउनस्ट्रीम पॉवर, सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण, अपस्ट्रीम पॉवर. त्याखाली तारीखवेळेसह नोंदींची यादी असेल: टी-३ टाइमआउट, टी-४ टाइमआउट, सिंक तुटला, पुन्हा जुळला. काही कंपन्या हे पान कुलूपबंद करून ठेवतात. जिथे ते उघडतं तिथे त्या घरापर्यंत येणाऱ्या तारेची प्रकृती स्वच्छ वाचता येते.

हे पान वाचणारी माणसं मात्र फार थोडी. आपण फोन करून "नेट गेलंय" एवढंच सांगतो. पलीकडून मोडेम बंद करून चालू करायला सांगतात. आपण तसं करतो, दिवे पुन्हा लागतात, तक्रार बंद झाल्याचा मेसेज येतो. आणि चार दिवसांनी त्याच वेळी, त्याच कामाच्या मधोमध जोडणी परत तुटते.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. केबल मोडेमचा बिघाड तारेवरच्या एका ठराविक जागी असतो आणि ती जागा शोधून काढता येते. हे जाळं मुळात एकाच दिशेने बोलण्यासाठी बांधलं होतं आणि घराकडून वर जाणारी वाट त्याला मागाहून जोडली, हे एकदा समजलं की शोध पुष्कळ सोपा होतो. पिच्छा न सोडणारे कितीतरी बिघाड या परतीच्या वाटेवरच असतात. ही वाट एकट्या आपल्या मालकीची नसते, सगळी वस्ती तिच्यावरून बोलत असते. त्यामुळे ती दुरुस्त ठेवणं हेही सगळ्यांचं मिळून काम आहे.

एकाच दिशेची तार

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ ॲस्टोरिया नावाचं गाव आहे. नोव्हेंबर १९४८मध्ये सिएटलला टीव्ही केंद्र सुरू झालं. ॲस्टोरिया तिथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, त्यात मध्ये डोंगर. गावात रेडिओ केंद्र चालवणाऱ्या एड पार्सन्स यांनी एका हॉटेलच्या गच्चीवर अँटेना उभा केला, सापडलेला क्षीण सिग्नल वाढवला आणि तारेने रस्त्यापलीकडच्या आपल्या घरात नेला. मग शेजाऱ्यांनाही जोडणी हवी झाली. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ गावांतही असेच प्रयोग झाले. उंचावर एक सामाईक अँटेना, तिथून निघालेली एक मुख्य तार, तिला फुटलेल्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक घर, अशी ती रचना होती. सगळं वरून खाली. घराने वर काही सांगायचं नव्हतंच.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हाच आराखडा उतरला. एका फ्लॅटमध्ये व्हिडिओ प्लेअर असायचा आणि गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या तारांतून रात्रीचा सिनेमा शंभर घरांत पोचायचा. १९९१च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर डिश उभ्या राहिल्या, वाहिन्या वाढल्या, आणि गल्लोगल्लीच्या केबलवाल्यांनी हे जाळं स्वतःच्या हिमतीवर पसरवलं. केबल टीव्हीचा केंद्रीय कायदा आला तो १९९५मध्ये. तोवर तारा झाडांवरून, खांबांवरून, छपरांवरून गेल्या होत्या.

ही तार म्हणजे कोॲक्सियल केबल. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने तिच्या मूळ कल्पनेचं पेटंट १८८०मध्येच घेतलं होतं. मधोमध तांब्याचा मुलामा दिलेला गाभा, त्याभोवती पांढरा फोम, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि बारीक तारांची जाळी, सगळ्यांत बाहेर काळं प्लास्टिक. गाभ्यातून सिग्नल जातो. जाळी त्याला आत कोंडून ठेवते आणि बाहेरचा गोंगाट बाहेर थोपवते. जाळी फाटली की दोन्ही कामं एकदम बिघडतात. आतलं बाहेर पाझरतं, बाहेरचं आत शिरतं.

नव्वदच्या दशकात या तारेवरून संगणकाचा डेटा न्यायची कल्पना मूळ धरू लागली. इराणमध्ये जन्मलेले अभियंते रुझबेह यासिनी यांच्या मॅसॅच्युसेट्समधल्या लॅनसिटी कंपनीने सुरुवातीचे केबल मोडेम बनवले. मार्च १९९७मध्ये केबललॅब्ज या अमेरिकी केबल कंपन्यांच्या संशोधन संस्थेने डॉक्सिस हे मानक जाहीर केलं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच भाषेत बोलू लागली. पुढे २००६मध्ये डॉक्सिस ३.० आलं आणि अनेक चॅनेल एकत्र बांधून वेग वाढवता येऊ लागला. २०१३मध्ये ३.१ आलं.

या सगळ्यात अवघड प्रश्न होता परतीचा. अमेरिकेत टीव्हीच्या वाहिन्या ५४ मेगाहर्ट्झपासून वर होत्या. मोकळा उरला होता तो अगदी तळाचा पट्टा. म्हणून घराकडून वर जाणाऱ्या संदेशांना अमेरिकेत ५ ते ४२ आणि युरोपात ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढीच जागा मिळाली. आणि नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट सर्वाधिक असतो. शॉर्टवेव्ह रेडिओ इथे, हौशी रेडिओवाल्यांच्या लहरी इथे, मिक्सर-ड्रिलच्या मोटारींच्या ठिणग्या आणि हलक्या चार्जरांचा कचराही इथेच.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं ते टेलिफोनच्या तारेवरून. २००४च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं. बऱ्याच ठिकाणी केबलवाल्यांनी टीव्हीच्या तारेला हात न लावता शेजारून इथरनेटची निराळी तार टाकली. मोठ्या शहरांतल्या काही जाळ्यांमध्ये मात्र टीव्हीच्याच तारेवर केबल मोडेम बसले. अमेरिकेत तर घरगुती इंटरनेटचा फार मोठा हिस्सा आजही याच तारेवर चालतो. त्यामुळे एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या अमेरिकी शहरांतल्या मराठी घराला आणि मुंबईतल्या जुन्या सोसायटीला पडणारे प्रश्न पुष्कळदा तेच असतात.

मोडेम जागा होताना

मोडेम चालू केल्यापासून 'ऑनलाइन'चा दिवा स्थिर होईपर्यंत आत काय चालतं, ते कळलं की निदान कुठून सुरू करायचं ते समजतं.

आधी तो फक्त ऐकतो. वरून येणाऱ्या लहरी चाळून त्यातलं डेटाचं चॅनेल शोधतो आणि त्यावर पक्का होतो. 'डीएस' किंवा 'रिसिव्ह'चा दिवा इथे स्थिर व्हायला हवा. तो लुकलुकतच राहिला तर मोडेमपर्यंत सिग्नलच नीट येत नाही. तार सुटली आहे, तुटली आहे, किंवा वाटेत फार कमजोर झाली आहे.

मग तो पहिल्यांदा बोलतो. केबल कंपनीच्या केंद्रात सीएमटीएस नावाचं यंत्र असतं. त्याला मोडेम हळू आवाजात हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उत्तर आलं नाही तर टी-३ टाइमआउट नोंदली जाते. मोडेम आवाज चढवतो, पुन्हा हाक मारतो. अशा सोळा हाका वाया गेल्या की तो हा प्रयत्न सोडून नव्याने सुरुवात करतो. उत्तर आलं की त्यात सूचना असतात: आवाज एवढा वाढव किंवा कमी कर, एवढं आधी किंवा उशिरा बोल. सगळ्या घरांना एकाच वाटेवरून आळीपाळीने बोलायचं असतं आणि प्रत्येक घर केंद्रापासून वेगळ्या अंतरावर असतं. म्हणून वेळेचं हे जुळवणं फार बारकाईने होतं. 'यूएस' किंवा 'सेंड'चा दिवा इथे अडकला तर ऐकू येतंय पण आपलं वर पोचत नाही, असा त्याचा अर्थ.

एवढं जमलं की पुढचं काम कागदपत्रांसारखं. मोडेम आपला आयपी पत्ता मागून घेतो, वेळ विचारतो, एक कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घेतो. आपण पैसे भरलेला वेग याच फाइलमध्ये लिहिलेला असतो. मग नोंदणी होते, संदेशांना कुलूप लागतं आणि 'ऑनलाइन'चा दिवा स्थिर होतो. डीएस आणि यूएस दोन्ही पक्के असून मोडेम इथेच अडला तर तार बहुधा ठीक आहे. खातं बंद असेल, किंवा नवा मोडेम कंपनीच्या यादीत चढलेला नसेल. अमेरिकेत दुकानातून स्वतःचा मोडेम आणून जोडणाऱ्यांची गाडी पुष्कळदा या टप्प्यावर थांबते. तिथे तार तपासत बसण्यापेक्षा फोन करून मोडेमचा मॅक क्रमांक नोंदवून घेणं शहाणपणाचं.

जुळणी झाल्यावरही केंद्र अधूनमधून प्रत्येक मोडेमला बोलायची संधी देत राहतं. सुमारे तीस सेकंदांत ती मिळाली नाही तर टी-४ नोंदली जाते आणि मोडेम सगळा खटाटोप पहिल्यापासून करतो. व्हिडिओ कॉलवरचा माणूस मध्येच थिजतो आणि मग कॉलच तुटतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडत असतं.

एक सावधगिरी आधीच सांगितली पाहिजे. हे सगळं पाहण्यापूर्वी लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडून बघावा. वायरवर वेग नीट असेल आणि वायफायवर नसेल, तर केबलच्या तारेचा काही दोष नाही. भिंती, शेजाऱ्यांचे राउटर, राउटरची जागा हा निराळा विषय आहे. ही एक तपासणी न केल्यामुळे चांगल्या तारा नाहक बदलल्या जातात.

आकडे काय बोलतात

त्या पानावरचे तीन आकडे महत्त्वाचे. पहिला, डाउनस्ट्रीम पॉवर: मोडेमला किती जोरात ऐकू येतंय. तो उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान असावा. मानकाप्रमाणे उणे १५ ते अधिक १५ पर्यंतही मोडेमने काम करावं अशी अपेक्षा असते, पण कडेला गेलेला आकडा म्हणजे पावसाळ्यात पडणारी जोडणी. फार जास्त सिग्नलही वाईट. त्याने मोडेमचा कान बधिर होतो.

दुसरा, सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण. खाली येणारा डेटा बहुधा २५६-क्वॅम पद्धतीने पाठवतात. म्हणजे प्रत्येक ठोक्याला २५६ वेगवेगळ्या खुणांपैकी एक खूण ओळखायची. त्या ओळखण्यासाठी हे प्रमाण ३३ डेसिबलच्या वर असलेलं बरं. ३० च्या खाली खुणा एकमेकींत मिसळू लागतात. शेजारच्या रकान्यात दुरुस्त झालेल्या आणि दुरुस्त न झालेल्या चुकांची संख्या असते. इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६०मध्ये मांडलेल्या गणिताच्या आधारे केबलवरच्या चुका मोडेम आपल्या आपण दुरुस्त करत आला आहे. दुरुस्त झालेल्या चुका असल्या तर काळजी नको. दुरुस्त न झालेल्या चुका तासातासाला वाढत असतील तर वाटेत काहीतरी सडतंय.

तिसरा, अपस्ट्रीम पॉवर, आणि तोच सगळ्यांत बोलका. इथे मोठा आकडा म्हणजे चांगलं असा समज होतो. प्रत्यक्षात हा मोडेमला किती ओरडावं लागतंय त्याचा आकडा आहे. ३५ ते ४८च्या आसपास असेल तर मोडेम सुखात आहे. ५० च्या पुढे गेला तर त्याचा आवाज वाटेत कुठेतरी गिळला जातोय आणि तो घसा ताणून बोलतोय. कमाल मर्यादेला टेकला की त्याला आणखी ओरडता येत नाही, आणि मग टी-३ च्या नोंदींची रांग लागते.

आवाज गिळला जाण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे स्प्लिटर. एका तारेचे दोन फाटे करणारा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर सुमारे साडेतीन डेसिबल खातो. तीन डेसिबल कमी म्हणजे ताकद निम्मी. चार फाट्यांचा स्प्लिटर सुमारे सात डेसिबल खातो, म्हणजे ताकद पाचव्या हिश्श्यावर येते. घरात दुसरा टीव्ही आला तेव्हा एक स्प्लिटर लागला, तिसरा आला तेव्हा त्याच्यापुढे आणखी एक, आणि मोडेम बसला तो सगळ्यांच्या शेवटी, असं चित्र खूप घरांत दिसतं. उपाय सोपा आहे. घरात येणाऱ्या तारेवर पहिल्याच ठिकाणी दोन फाट्यांचा स्प्लिटर लावा, एक फाटा थेट मोडेमला द्या आणि दुसऱ्यावर टीव्हींची वाटणी करा. त्याआधी सगळे स्प्लिटर काढून मोडेम थेट आलेल्या तारेला लावून पाहा. आकडे सुधारले तर दोष घरात आहे. नाही सुधारले तर बाहेर. तारेचे असे दोन भाग करून एकेक भाग निर्दोष ठरवत जाणं, हाच सगळ्या शोधाचा गाभा आहे.

डक्टमधला जॉइंट

डोंबिवलीतल्या एका जुन्या चार मजली इमारतीत हे काम मी जवळून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारी नेट जायचं आणि संध्याकाळी आपसूक परत यायचं. मोडेम दोनदा बदलून झाला होता. आलेल्या तंत्रज्ञाने मोडेमला हातच लावला नाही. त्याने ते आकड्यांचं पान उघडलं. अपस्ट्रीम पॉवर ५२. नोंदींत टी-३ ची रांग, आणि सगळ्या नोंदी साधारण दुपारी बारा ते चारच्या.

"काका, मोडेम चांगला आहे. जॉइंट बघावा लागेल," एवढं म्हणून तो सिग्नल मीटर घेऊन जिन्यावर गेला.

गच्चीवर मुख्य तारेवर मोजलं, आकडे चोख. मग पहिल्या मजल्याच्या डक्टमधली पेटी उघडली, तिथेही ठीक. दोष मधल्या दोन मजल्यांत अडकला. दुसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये भिंतीला चिकटवलेला चार फाट्यांचा स्प्लिटर होता. तीन फाट्यांतून तारा घरांत गेलेल्या, चौथा तसाच उघडा. तिसऱ्या मजल्याच्या तारेचा कनेक्टर त्याने बोटांनी फिरवला आणि तो सहज फिरला. पान्याने आवळलाच नव्हता. बाहेर काढल्यावर आतली पिन दिसली. तांबं हिरवं पडलेलं. जाळीची एक केसाएवढी तार वाकून जवळजवळ पिनेला टेकलेली. वरून येणाऱ्या तारेला झोळ दिलेला नव्हता, त्यामुळे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये उतरत आलं होतं.

दुपारचं कोडंही इथेच सुटलं. उन्हाने डक्ट तापला की धातू प्रसरण पावतो आणि सैल जॉइंटमधली ती बारीकशी फट थोडी हलते. संध्याकाळी गारवा आला की टेकाव पुन्हा जुळतो. संध्याकाळी येणाऱ्या तंत्रज्ञाला सगळं ठीकच दिसणार.

त्याने कुजलेलं टोक हातभर कापून टाकलं. बाहेरचं प्लास्टिक सोललं, जाळी एकसारखी मागे दुमडली, एकही तार पुढे राहिली नाही हे बोट फिरवून पाहिलं. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या कडेशी बरोबर टेकला आणि तांब्याची पिन कडेबाहेर जेमतेम तीन मिलिमीटर आली, तेव्हाच त्याने दाबयंत्राने कनेक्टर बसवला. तारेला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकेल, जॉइंटकडे जाणार नाही. उघड्या चौथ्या तोंडावर ७५ ओहमचं छोटं धातूचं टोपण, टर्मिनेटर, घट्ट बसवलं. वर जाऊन पान पुन्हा उघडलं तेव्हा अपस्ट्रीम पॉवर ४४ होती. साहित्य जेमतेम काही रुपयांचं होतं. खरी किंमत होती ती मोडेम न बदलता जिना चढण्याच्या निर्णयाची.

एकाचा गोंगाट, सगळ्यांचा खोळंबा

ते चौथं उघडं तोंड का झाकलं? त्याला तर कुठल्याच घराची तार जोडलेली नव्हती.

खाली येणारा सिग्नल फांद्याफांद्यांत वाटला जातो. एका घराची तार खराब झाली तर त्रास बहुधा त्या घरापुरता राहतो. परतीच्या वाटेवर उलटं घडतं. ओढे-नाले नदीला मिळावेत तसा प्रत्येक घरातला गोंगाट वर जाता जाता एकत्र होतो आणि केंद्रापाशी सगळा साचतो. एका नोडवर, म्हणजे वस्तीच्या तारा जिथे एकत्र येतात त्या ठिकाणी, शेकडो घरं असू शकतात. त्यातल्या एका घराच्या उघड्या तोंडातून, उंदराने कुरतडलेल्या तारेतून किंवा सैल कनेक्टरमधून शिरलेली रेडिओ लहर सगळ्या घरांच्या बोलण्यात मिसळते. त्रास मात्र वरच्या गल्लीतल्या माणसाला होतो, ज्याच्या घरात काहीच बिघडलेलं नसतं. म्हणूनच शेजाऱ्यांना विचारणं ही तपासणीची पायरी आहे. टी-३ फक्त आपल्याच घरी असेल तर तार आपली बघा. चार इमारतींत एकाच वेळी असेल तर गोंगाट कुठून शिरतोय ते शोधण्याची जबाबदारी कंपनीची.

असा शोध किती चिकाटीचा असतो त्याचं एक उदाहरण वेल्समधलं आहे. आबरहोसान या छोट्या गावात सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सातच्या सुमारास इंटरनेट कोलमडायचं. तिथली जोडणी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची होती, पण दुखणं याच जातीचं. तारा बदलून पाहिल्या, फरक पडला नाही. अखेर २०२०मध्ये अभियंते स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन पहाटेपासून गावात फिरले. सातच्या ठोक्याला यंत्रावर गोंगाटाचा लोट उठला. माग काढत ते एका घरापाशी पोचले. तिथला जुना टीव्ही रोज सकाळी सातला सुरू व्हायचा आणि त्यातून निघणारी विद्युत गडबड गावभर पसरायची. घरच्यांना कळताच त्यांनी तो टीव्ही कायमचा बंद केला. इतका काळ सगळा गाव त्रासला होता आणि कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

जाळी फाटल्याचा दुसरा परिणामही किरकोळ नाही. १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संभाषणाचा. त्याच कंपनसंख्या केबलच्या आतही वापरल्या जातात. तारेतून सिग्नल पाझरला तर विमानांच्या यंत्रणेत अडथळा येऊ शकतो. म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने केबल कंपन्यांना गळती शोधत राहण्याची सक्ती केली आहे. एका सैल कनेक्टरची गोष्ट इतकी लांबवर जाते.

घड्याळ हा साक्षीदार

बिघाड केव्हा होतो, हे निम्मं निदान असतं. नेट भर दुपारी जातं आणि रात्री येतं तेव्हा तापलेला जॉइंट. पाऊस सुरू झाल्यावर जातं आणि उघडीप मिळाल्यावर एखाद्या दिवसाने सुधारतं तेव्हा तारेत शिरलेलं पाणी. वारा सुटला की जातं तेव्हा खांबावर घासणारी तार. लाइट गेल्यावर, घरात इन्व्हर्टर असूनही जातं तेव्हा रस्त्यावरच्या नोडची किंवा ॲम्प्लिफायरची बॅटरी मेली. हे ॲम्प्लिफायर त्याच कोॲक्सियल तारेतून येणाऱ्या विजेवर चालतात, घरच्या इन्व्हर्टरचा त्यांना काही उपयोग नाही.

आणि रोज रात्री आठ ते अकरा मंदावतं, सगळे आकडे मात्र उत्तम, तेव्हा तो बिघाड नसतो, गर्दी असते. एका नोडवर कंपनीने पेलवतील त्यापेक्षा जास्त ग्राहक घेतलेले असतात. तिथे तंत्रज्ञाला पाठवून उपयोग नाही. नोडची विभागणी हाच उपाय, आणि तो कंपनीनेच पैसे खर्चून करायचा.

आणखी एक दुखणं आकड्यांत दिसत नाही. घरात कुणी मोठा व्हिडिओ वर चढवायला लागलं की बाकीच्यांचं सगळं अडकतं. २०१०च्या सुमारास जिम गेटीज या अनुभवी संगणकतज्ज्ञाला स्वतःच्या घरच्या केबल जोडणीवर हे जाणवलं आणि त्यांनी छडा लावला. एकही पॅकेट टाकून द्यायला लागू नये म्हणून उपकरणांत मोठमोठ्या रांगा राखून ठेवल्या होत्या. अपलोड सुरू झालं की रांग भरते, आणि साध्या क्लिकचा संदेशही त्या रांगेच्या शेवटी सेकंदभर ताटकळतो. 'बफरब्लोट' या नावाने हा प्रश्न जगभर ओळखला गेला, आणि डॉक्सिस ३.१ मध्ये रांग आटोक्यात ठेवण्याची व्यवस्था मोडेममध्येच आली. जुन्या मोडेमवर राउटरमधून अपलोडचा वेग थोडा आवळून ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो.

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि परतीच्या वाटेची किंमत घराघराला कळली. तोवर आपण बहुतेक वेळ काहीतरी बघत होतो, म्हणजे खाली उतरवत होतो. एका रात्रीत शाळा, कचेरी, डॉक्टर सगळं व्हिडिओ कॉलवर आलं. मुलांचा चेहरा आणि आवाज वर पोचायला हवा होता. एकाच दिशेसाठी बांधलेल्या तारेवर, तळाच्या त्या अरुंद पट्टीतून आपण वर्ग भरवले. ज्या घरातला जॉइंट सडका होता, तिथलं मूल वर्गात दिसायचं पण उत्तर द्यायला लागलं की तुटायचं. तेव्हापासून हा विषय मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

तक्रार कशी करावी

भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६मध्ये ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. नव्वद टक्क्यांहून अधिक बिघाड पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि नव्याण्णव टक्के कामकाजाच्या तीन दिवसांत दूर व्हावेत, असा दंडक त्यात होता. २०२४मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. अशा दंडकांचा भर बिघाड किती लवकर मिटवला यावर असतो, आणि ते गरजेचंच आहे. पण मोडेम बंद-चालू करूनही तक्रार मिटल्याची नोंद होते आणि डक्टमधला जॉइंट कापून नवा केला तरी तीच नोंद होते. पहिल्याला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्याला दोन तास आणि घामाघूम होणं. दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावर ज्याचं पोट आहे, त्याने जिना का चढावा? तोच बिघाड महिनाभरात परत आला का, हे मोजलं तर त्याच्या दोन तासांना किंमत येईल. कंपन्यांना हे अवघड नाही. प्रत्येक मोडेमचे हे आकडे त्यांच्या केंद्रात आपोआप पोचत असतात. तारेतल्या परावर्तनाच्या लाटांवरून दोष किती मीटरवर आहे याचा अंदाजही बांधता येतो. लाटांच्या दोन शिखरांत एक मेगाहर्ट्झचं अंतर असेल तर दोषाच्या दोन टोकांत साधारण सव्वाशे मीटर तार असते. हे ज्ञान तंत्रज्ञाच्या हातातल्या फोनवर आणि ग्राहकाच्या ॲपवर दिसलं पाहिजे.

कोॲक्सियल तार हळूहळू मागे पडते आहे. फायबर थेट घरात येतंय. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, त्यात रेडिओचा गोंगाट शिरत नाही. पण तिथेही वाकलेला धागा, धूळ बसलेलं टोक आणि कमी पडलेला प्रकाश हे दोष असतातच, आणि तिथल्या डब्यावरही लाल दिवा आणि प्रकाशाच्या पातळीचा आकडा असतो. दोन भाग करा, मोजा, शेजाऱ्याला विचारा, वेळ लिहून ठेवा. पद्धत तीच राहते.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. न वापरलेल्या तोंडांना टोपणं लावू. गरज नसलेले स्प्लिटर काढू. कनेक्टर बोटांनी आवळून झाला की पान्याने हलकासा पाव फेरा देऊ. आणि फोन करताना "नेट गेलंय" याच्या जागी असं काही सांगू: "वायरने थेट जोडून पाहिलं आहे, वायफायचा प्रश्न नाही. तीन दिवस दुपारी बारा ते चार जोडणी तुटते. अपस्ट्रीम पॉवर ५२ आहे, त्या वेळेत टी-३ च्या नोंदी आहेत. शेजारच्या घरी त्रास नाही. मोडेम बदलू नका, जॉइंट तपासायला माणूस पाठवा." ही माहिती ज्या तंत्रज्ञाला मिळते त्याला कुठल्या मजल्यावर थांबायचं हे जिना चढण्याआधीच कळलेलं असतं. त्याचं काम सोपं करणं म्हणजे आपलं काम होणं, आणि आपल्या बरोबरीने त्या नोडवरच्या प्रत्येक घराचं.